उन्हाला कामाला लावणाऱ्या काकू

माजलगावच्या माझ्या भाड्याच्या खोलीला दार होतं, पण दारापर्यंत जायला वाट नव्हती. जिना चढून गच्चीवर आलं की आधी मिरच्या लागायच्या, मग चिंचा, मग उसवलेल्या गादीचा कापूस आणि अगदी उंबऱ्याशी बोरं. या सगळ्यातून साडी सावरत, उड्या मारत मी रोज घरी पोचायचे. एकदा बोरांवरून पाय घसरला आणि मी धपकन बसले. खालून काकूंचा आवाज आला, "बोरं फुटली का गं?" माझं काय फुटलं हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढेही कधी विचारलं नाही.

काकू माझ्या घरमालकीण. मी मूळची घाटनांदूरची. दूध संघाच्या केंद्रावर नोकरी लागली म्हणून माजलगावात आले होते. गावोगावहून दूध यायचं, त्याचं फॅट मोजायचं आणि कॅनचं झाकण उघडून नुसत्या वासावर ते घ्यायचं की परत पाठवायचं ते ठरवायचं, हे माझं काम. नाकाचा मला भारी गर्व होता. काकूंना गर्व उन्हाचा. ऊन जसं काही त्यांच्या माहेरून रुखवतात आलेलं.

"ऊन वाया चाललंय," हे त्यांचं दिवसभराचं पालुपद. गच्चीचा एखादा कोपरा मोकळा दिसला की त्यांना चैन पडत नसे. बिनकामाचा गडी दारात बसून राहिलेला पाहून मालकिणीचा जीव खालीवर व्हावा, तसं त्यांचं उन्हाकडे बघून व्हायचं. वाळवायला काही नसेल तर त्या काकांचे बूट आणून टाकायच्या. एकदा बंद पडलेला रेडिओ टाकला. तो चांगला तापला आणि संध्याकाळी चक्क बोलायला लागला. त्यानंतर त्यांच्याशी वाद घालायची सोयच उरली नाही. मला सर्दी झाली तेव्हा मलाही त्यांनी मिरच्यांच्या शेजारी उन्हाकडे पाठ करून बसवलं. "पाठ तापव. दवाखान्यात कावून जाती? ऊन काय फुकट पडायलंय का?" मी मिरच्यांमुळे शिंकत होते, हे त्यांना पटवता आलं नाही.

गल्लीत त्यांना सगळे मिसरवाल्या काकू म्हणत. निजामाच्या राज्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी इजिप्तला मिसरच म्हणायची पद्धत होती, तीच पुढे चालली. काका सहकारी साखर कारखान्यात पॅनवर होते, म्हणजे उसाचा रस आटवत नेऊन त्यात साखरेचा दाणा पाडायचा, हे त्यांचं काम. कारखान्याची यंत्रं उभारून देणाऱ्या एका कंपनीनं इकडची काही जाणती माणसं नाईलकाठच्या उसाच्या मुलखात नव्या कारखान्यावर नेली होती. त्यांत काका गेले आणि त्यांच्या मागे काकू. धर्मापुरीचं माहेर, माजलगावचं सासर आणि मधे दोन हंगाम मिसर, असा त्यांचा एकूण प्रवास.

मिसरबद्दल त्यांना काहीही विचारावं आणि उत्तराची मजा घ्यावी.

"काकू, पिरामिड पाहिले का?"

"ते लई लांब ऱ्हायले. आमी उसात होतो."

"मग नदी कशी होती?"

"आपल्या सिंदफणेवानीच. फकस्त तिच्यात पानी हाय."

तिथल्या शेजारणीचा विषय निघाला की मात्र त्या थट्टा सोडून बोलायच्या. नवीन मुलूख, काका दिवसभर कारखान्यात, बोली कळत नाही. पहिले दिवस काकू दार लावून रडत बसायच्या. ती शेजारीण एका दुपारी न बोलावता आत आली, हात धरून त्यांना आपल्या घरी घेऊन गेली आणि पुढ्यात गरम भाकर ठेवली. "तिला माजी बोली येईना, मला तिची. म्हनून तर आमचं कदी भांडन झालं न्हाई," काकू सांगायच्या.

ती भाकर म्हणजे शम्सी. शम्स म्हणजे सूर्य, हे आमच्या भागात कुणाला फोड करून सांगावं लागत नाही. गव्हाचं पीठ, त्यात आदल्या खेपेच्या आंबट पिठाचा गोळा. मळून झालं की मातीच्या थाळीएवढ्या चकत्यांवर कोंडा भुरभुरायचा, एकेका चकतीवर एकेक गोळा ठेवायचा आणि सगळं घराच्या धाब्यावर उन्हात मांडायचं. ऊन लागलं की पीठ फुगतं. चांगलं फुगलं की कडेनं चिरा द्यायच्या आणि मातीच्या घुमटासारख्या भट्टीत भाजायचं. त्या मुलखात घरोघर हेच. "तितं बायका उनाला पीठ फुगवायला लावत्यात. मग मी हितं मिरच्या वाळवल्या तर लोकं हासत्यात," असं म्हणून त्या माझ्याकडे रोखून बघायच्या.

निघताना शेजारणीनं त्या आंबट पिठाचा गोळा काकूंच्या हातावर ठेवला. आपल्याकडे विरजण देतात तसा. काकूंनी तो वाळवला, चुरला, फडक्यात बांधला आणि पदराखाली धरून मिसरहून माजलगावला आणला. घरी आल्यावर एका छोट्या पितळी डब्यात घालून हळदीच्या बाजूला ठेवून दिला. आणि वर्षानुवर्षं तो तिथंच राहिला. घरात ज्वारी, सासूला ज्वारीशिवाय काही चालेना, मग लेकींची लग्नं. "सुगीत कुनाला याद येती," त्या म्हणायच्या. डब्यातला चुरा मात्र दर वर्षी बाहेर निघायचा. साऱ्या जगाला त्या भर उन्हात टाकत, याला तेवढी सावली.

मी त्या घरात राहायला गेले ते वर्ष लागोपाठ दुसऱ्या दुष्काळाचं. धरणाचा तळ उघडा पडला होता. दुधाचे कॅन अर्धे यायचे. जो काही ऊस उभा होता तो जनावरांच्या छावणीला चारा म्हणून गेला. दिवाळी आली तरी कारखान्याचा बॉयलर पेटला नाही. एरवी दिवाळीच्या आसपास पहाटे भोंगा व्हायचा आणि काका त्याच्या आधी उठून तयार असायचे, असं ऐकलं होतं. त्या वर्षी ते नुसते तयार होऊन बसले. काही दिवसांनी तयार होणंही सोडलं.

त्यांचा तो नोकरीतला शेवटचा हंगाम होता, पुढे निवृत्ती. हंगामच झाला नाही. शेवटचा दाणा पाडायचा राहून गेला हे त्या माणसाच्या फार जिव्हारी लागलं. ओसरीवरच्या बाजेवर ते भिंतीकडे तोंड करून पडून असत. बोलणं बंद. भाकरी चतकोर. फक्त चहाचा ग्लास दिला की तो उजेडाकडे धरून बघायचे. कारखान्यात काचेच्या पट्टीवर दाणा बघायची ती सवय होती. मग ग्लास खाली ठेवायचे, आणि चहा तसाच गार व्हायचा.

काकू सगळ्या गल्लीला तोंड देणारी बाई, पण या माणसापुढे त्यांचं काही चालेना. एकदा गच्चीवर चिंचा पालटता पालटता त्या एकदम मला म्हणाल्या, "पोरी, मानूस वाळत चाललाय गं डोळ्यादेखत." मीही चिंचा पालटत बसले.

त्यानंतर लगेचच त्यांनी पितळी डबा काढला. "मिसरात ती भाकर खाल्ली की बोलायचे. लई बोलायचे. मीच गप बसा म्हनायची," त्या म्हणाल्या. "ह्यो डबा जागा झाला तर ते बी जागे हुतील बग." आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास, असं मला मनात वाटलं. टँकरच्या पाण्यासाठी गल्लीत रोज झोंबाझोंबी, आणि या बाई त्यातलं फुलपात्रभर पाणी वर्षानुवर्षं मेलेल्या पिठाला पाजायला निघाल्या.

त्यांनी चुरा कोमट पाण्यात भिजवला, गव्हाचं पीठ घातलं, वर फडकं बांधलं. काही झालं नाही. रोज सकाळी थोडं काढून टाकायचं, थोडं नवीन पीठ घालायचं. तरी काही नाही. मग एके दिवशी त्याला घाण वास सुटला. काकूंनी भांडं माझ्या नाकाशी आणलं. मी अधिकारी माणूस. हुंगलं आणि निकाल दिला, "काकू, हे मेलंय. फेकून द्या."

त्या माझ्यावर इतक्या कधी चिडल्या नव्हत्या. "दूध नासलेलं कळत आसंल तुला. हे दूध न्हाई. वाळलेलं आन् मेलेलं येगळं आसतंय, कळलं का? सारा जिल्हा वाळलाय, मंग काय मेला म्हनायचा का?"

पुढे एका सकाळी त्या जिन्यातूनच ओरडत आल्या. भांड्यावरचं फडकं काढून माझ्यापुढे धरलं. पिठात बुडबुडा आला होता. हरभऱ्याएवढा. तो बघता बघता फुटला आणि शेजारी दुसरा आला. वास बदलला होता, ताकासारखा स्वच्छ आंबट झाला होता. माझ्या नाकाची त्या दिवशी पुरती फजिती झाली आणि मला त्याचा फार आनंद झाला, हे मी कबूल करते.

आता भट्टी. पाणी साठवायचा मोठा रांजण चिरलेला होता आणि एरवीही रिकामाच पडून होता. काकूंनी तो परसात आडवा घातला, वरून पांढऱ्या मातीचा आणि शेणाचा जाड लेप दिला. चकत्याही शेणामातीच्याच, गोवऱ्यांसारख्या थापून वाळवलेल्या. या कामात शेजारची सोजरबाई रोज मदतीला यायची. सोजरबाई एरवी दर साल ऊसतोडीला जायची, पण लेक बाळंतपणाला आलेली म्हणून त्या वर्षी मागे राहिली होती. तिच्या हातांना बसायची सवय नव्हती. बोलतानासुद्धा ती काहीतरी निवडत, झाडत, वळत असायची.

ठरल्या दिवशी काकूंनी पहाटे पीठ मळलं. ऊन वर आलं तशा चकत्या गच्चीवर मांडल्या. त्या दिवशी मिरच्यांना सुट्टी होती. प्रत्येक चकतीवर एकेक पांढरट गोळा. मला साप्ताहिक सुट्टी होती म्हणून मी खोलीच्या दारात बसून राखण करत होते. आणि खरंच, ऊन चढलं तसे ते गोळे फुगायला लागले. हलके, गरगरीत, टरारून आले. काकू दर थोड्या वेळानं जिना चढून येत, लांबूनच बघत आणि तोंडावर बोट ठेवून परत जात. झोपलेलं लेकरू उठू नये असं त्यांचं चाललं होतं.

मी अंघोळीला गेले तेवढाच काय तो वेळ. बाहेर आले तर सोजरबाई गच्चीच्या त्या टोकाला उकिडवी बसलेली आणि हात चालू. थप थप थप. मी किंचाळले. खालून काकू धावत आल्या. एकूण एक गोळा सोजरबाईनं भाकरीसारखा थापून सपाट केला होता, सुबक, गोल, कडा सारख्या. असल्या भाकऱ्या मला जन्मात थापता आल्या नसत्या.

"आवं, फुगून बसल्ते सारे," सोजरबाई कौतुकानं म्हणाली. "म्हनलं काकू वर आल्यावर त्यायला तरास कशाला. म्या थापून ठिवले."

मी सोजरबाईला बोलायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात जिन्यात पावलं वाजली. काका. गुडघ्यावर हात देत एकेक पायरी चढून वर आले. माझ्या किंकाळीनं आले की थापण्याच्या आवाजानं, ते मला आजही माहीत नाही. त्यांनी चकत्यांकडे पाहिलं. मग असा आवाज काढला की खालच्या रस्त्यावरचा सायकलवाला थांबला.

"हात कुनी लावला?"

सोजरबाईनं पिठाचे हात पाठीमागे लपवले.

"दाना बसायला आसताना त्यात हात घालतंय का कुनी? बसू द्यायचं आसतंय! आपन बाजूला हुबं ऱ्हायचं आन् बसू द्यायचं! आक्कल न्हाई, काय न्हाई, उटलं की थापलं! शम्सी थापत्यात का कुटं? मिसरात आसता तर गावाबाहीर काडलं आसतं तुमाला!"

दिवाळीपासून साठलेलं सगळं बोलणं त्या एका दमात बाहेर आलं. बोलून बोलून त्यांना धाप लागली. काकू जिन्याच्या वरच्या पायरीवर मटकन बसल्या आणि त्यांनी तोंडाला पदर लावला. मला वाटलं हसतायत. त्या रडत होत्या. मग पदर काढून सोजरबाईला म्हणाल्या, "बाई, तू रोज येऊन थापीत जा."

त्या सपाट भाकऱ्या आम्ही तव्यावर भाजून खाल्ल्या. आंबूस, चिवट, पण दुष्काळात अन्न कोण टाकतं. पुढच्या खेपेला काका स्वतः राखणीला बसले. डोक्यावर काळी छत्री, मांडीवर काठी, समोर फुगणारे गोळे. कावळ्यांना हाकलायचे, मला हाकलायचे, सोजरबाईला तर जिना चढायचीच बंदी. मधेच उठून एखाद्या गोळ्यापाशी वाकायचे, बघायचे आणि "आजून न्हाई" म्हणून परत बसायचे. काकू खाली भट्टीत कापसाच्या पऱ्हाट्या जाळत होत्या. अखेर वरून आवाज आला, "घ्या आता." काकूंनी सुरीनं कडेला चिरा दिल्या आणि गोळे भट्टीत सरकवले.

त्या वासाचं वर्णन मला करता येणार नाही. गव्हाचा, धुराचा आणि आणखी कशाचा तरी वास होता तो. उन्हाचाच, असं काकू म्हणायच्या. भाकरी निघाल्या त्या वरून तांबूस, जाड, चिरांच्या कडा कानांसारख्या बाहेर आलेल्या. बुडाला थोड्या करपल्याही होत्या. मोडली की आत मऊ, जाळीदार.

नाईलकाठी ही भाकर उसाच्या काकवीबरोबर खातात, इतकं आमच्या भागाच्या जवळचं ते खाणं. फडताळात जुन्या गुऱ्हाळाची थोडी काकवी शिल्लक होती. काकूंनी ती वाटीत काढून काकांपुढे ठेवली. काकांनी आधी काकवी अंगठा आणि बोट यांच्यात धरून तार काढून पाहिली. उजेडाकडे धरली. काकू, सोजरबाई आणि मी श्वास रोखून बघत होतो. मग त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, काकवीत बुडवला आणि खाल्ला. आणखी एक मोडला.

"तिची आशीच आसायची," ते म्हणाले. तिची म्हणजे मिसरच्या शेजारणीची. मग भाकर उलटी करून म्हणाले, "बूड करपलं तेवडं सोड."

"तुमी उशिरा आवाज दिला," काकू म्हणाल्या.

"भट्टी तुजी जादा तापल्ती."

आणि दोघं भांडायला लागली. ते भांडण ऐकताना मला जितकं बरं वाटलं तितकं त्या वर्षी दुसरं काही ऐकून वाटलं नव्हतं. काकांनी अख्खी भाकर संपवली. दुसऱ्या दिवशी ते चपला घालून चौकापर्यंत जाऊन आले.

काकूंनी त्या पिठाचं पुढे जे केलं ते मला सगळ्यांत मोठं वाटतं. त्यांनी ते गल्लीत वाटलं. विरजण न्यायला आल्यासारख्या बायका वाटी घेऊन यायच्या. सोजरबाईलाही दिलं, हात न लावण्याच्या अटीवर. "एका घरात ठिवलं की एका दिवशी मरतंय," काकू म्हणायच्या. "धा घरात ठिवलं की कुनाच्या तरी घरी जितं ऱ्हातंय." सहकाराची भाषणं मी नोकरीपायी पुष्कळ ऐकली आहेत. त्यांतलं एकही इतकं थोडक्यात आटोपलेलं आठवत नाही. माझं लग्न ठरून मी अंबाजोगाईला निघाले तेव्हा ओटीच्या तांदळांबरोबर एक वाटी मलाही मिळाली.

पुढे पाऊस झाला. धरण भरलं, कारखान्याचा भोंगा वाजला. काका आता घरीच असायचे, पण नवी पोरं दाणा बघायला त्यांना बोलावून न्यायची. सगळं छान चाललेलं, आणि अशात एसटीच्या कंडक्टरबरोबर मला काकूंचा निरोप आला. लगोलग ये, येताना पीठ घेऊन ये. झालं होतं असं की झडीच्या पावसात त्यांच्या पिठाला बुरशी आली. गल्लीत ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी ते कधीच वाळून गेलं होतं, उरलेल्यांनी सुगीच्या गडबडीत टाकून दिलं होतं. दुष्काळातून तगलेलं ते पीठ चांगल्या दिवसांत मेलं, याचं मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. माझ्याकडचं जिवंत होतं. दर आठवड्याला मी शम्सी करत होते, नवऱ्याला ती काकवीपेक्षा ठेच्याबरोबर आवडायची.

मातीच्या गाडग्यात पीठ घेतलं, वर ओलं फडकं बांधलं आणि माजलगावची गाडी धरली. गाडगं मांडीवर. शेजारच्या बाईनं विचारलं, "काय हाय त्याच्यात?" आणि फडकं वर करायला हात पुढे केला. मी तिचा हात असा झिडकारला की ती पार माजलगावपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

स्टँडवर उतरले तर काका आधीच येऊन उभे. डोक्यावर तीच काळी छत्री, हातात काठी. थकले होते, पण ताठ होते. मागे काकू, पदर डोक्यावर घेऊन. पण ऊन मात्र सगळं अंगावर घेत होत्या. मी वाकून नमस्कार करणार तोच काकांनी मला थांबवलं. कशी आहेस, घरचे कसे आहेत, काही विचारलं नाही. छत्री स्वतःवरून काढून गाडग्यावर धरली, फडक्याची एक कड हळूच उचलून आत पाहिलं. पीठ वर आलं होतं, बुडबुडे धरलेलं. त्यांनी कड परत झाकली आणि माझ्याकडे संशयानं बघत विचारलं,

"हात न्हाई ना लावला कुनी?"